शाळेचा उंबरठा

शाळा, घर आणि समाज यांची भागीदारी हा शब्दप्रयोग अलीकडे शिक्षणाविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं आढळतो. सरकारी परिपत्रकें, संमेलनांतील अध्यक्षीय भाषणें, नव्या शाळांच्या जाहिराती, सगळीकडे ही त्रिमूर्ति हटकून भेटते. ज्या शब्दास कोणाचाच विरोध नाहीं त्याविषयीं थोडा संशय बाळगावा ही आमची जुनी खोड आहे; म्हणून या शब्दाचें पोट एकदां उकलून पाहावें असें बरेच दिवस मनांत होतें. आम्ही अंबरनाथास राहतों, पंचवीस वर्षांवर महाविद्यालयांत शिकवीत आलों आहों, आणि आमचीं मुलें याच बाजूच्या शाळांत शिकून मोठीं झालीं. तेव्हां हा विषय आमच्यापुरता तरी केवळ पुस्तकी नाहीं.

भागीदारी हा शब्द मुळांत पेढीवरचा. चार जणांनीं मिळून दुकान घातलें म्हणजे भांडवल हिश्शानें, काम हिश्शानें आणि नफाहि हिश्शानें. शाळेच्या बाबतींत बहुतेकांच्या मनांत हेंच चित्र असतें. शिकविणें शाळेचें, खाऊंपिऊं घालणें, गणवेश घेणें आणि फी भरणें घराचें, जागा, वर्गणी आणि वेळप्रसंगीं कौतुक समाजाचें. प्रत्येकानें आपापला वांटा उचलला कीं कर्तव्य संपलें. परंतु मौज अशी कीं, आपल्या देशाचा १९३२ चा भागीदारीचा कायदा दुकानदारांसहि एवढी सूट देत नाहीं. नफा हिश्शाप्रमाणें वांटून घ्यावा. पण पेढीचें देणें थकलें, तर सावकारास तें सगळेंच्या सगळें कोणत्याहि एका भागीदाराकडून मागतां येतें. 'माझा हिस्सा चार आण्यांचा होता' असें म्हणून त्यास हात झटकतां येत नाहींत. मुलाच्या बाबतींत मात्र आपण सगळेच चार आण्यांचे भागीदार असतों, आणि उरलेल्या बारा आण्यांसाठीं दुसऱ्याकडे बोट दाखवितों.

हा धोका फार जुना आहे. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांत रक्षकवर्गाचीं मुलें आईबापांपासून काढून घेऊन सर्वांचीं म्हणून वाढवावीं असें सुचविलें. कोणतें मूल कोणाचें हें कोणासच कळूं नये, म्हणजे सर्वांस सर्वांविषयीं माया वाटेल, असा त्याचा हिशेब. त्याचाच शिष्य ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागांत या हिशेबाची चूक दाखवितो. जी वस्तु पुष्कळांची, तिची निगा सर्वांत कमी राखिली जाते. घरांत नोकर फार झाले म्हणजे कामें पडून राहतात, तसेंच हें. हजार बाप असलेल्या मुलास प्रत्यक्षांत एकहि बाप नसतो, हा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ. आम्ही हा भाग वर्गांत कित्येकदां शिकविला, आणि राज्यशास्त्रांतील एक जुना वाद म्हणूनच शिकविला. ऑगस्ट २०२४ नंतर तो तसा शिकवितां येईनासा झाला.

बदलापूर हें आमच्या पुढचेंच स्टेशन. तेथील एका शाळेंत शिशुवर्गांतल्या दोन चिमुकल्या मुलींवर शाळेंतल्याच एका सफाई कर्मचाऱ्याकडून अत्याचार झाल्याचें त्या महिन्यांत उघडकीस आलें. घटनेचा तपशील येथें उगाळण्याचें कारण नाहीं. तो वाचकांच्या स्मरणांत असेल. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो त्यानंतर काय झालें याचा. मुलींच्या घरच्यांची तक्रार नोंदवून घेण्यास पोलीस ठाण्यांत कित्येक तास लागले. घटना पोलिसांस न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर पुढें गुन्हा नोंदला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें हें प्रकरण स्वतःहून हातीं घेतलें. मुलांच्या सुरक्षिततेसाठीं प्रत्येक शाळेंत 'सखी सावित्री समिति' असावी, असा राज्य सरकारचा आदेश २०२२ सालापासून होता. तो ऑगस्ट २०२४ मध्यें पुन्हा काढावा लागला, यावरूनच पहिल्या आदेशाचें काय झालें होतें तें समजतें. शाळा होती, घर होतें, समाज होता, कायदा होता, समितीचा कागदहि होता. प्रत्येकाची समजूत अशी होती कीं, पाहणारा दुसरा कोणी तरी आहे. ॲरिस्टॉटलचे हजार बाप ते हेच.

२० ऑगस्ट रोजीं, मंगळवारीं, लोक बदलापूरच्या रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हटले नाहींत. आम्ही त्या दिवशीं अंबरनाथच्या फलाटावर अडकून पडलों होतों. शेजारीं उभा असलेला एक ओळखीचा तरुण गृहस्थ, स्वतः एका लहान मुलीचा बाप, आम्हांस म्हणाला, ''सर, पांच वर्षांत मी मुलीच्या शाळेच्या दाराआंत दोनदां गेलों. एकदां प्रवेशाला, एकदां फीच्या हप्त्याला.'' त्याची मुलगी त्या शाळेंत नव्हती. दुसऱ्याच एका शाळेंत होती. पण हें वाक्य त्या दिवशीं फलाटावरच्या कोणाहि बापानें उच्चारिलें असतें तरी चाललें असतें. समाज एकत्र आला, हें खरें. परंतु तो आला तो रुळांवर. शाळेच्या दारांतून आंत जाण्याची वाट त्यास ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती कधीं मळलेली नव्हती. आणि रुळांवर जमलेला समाज फांशी मागूं शकतो. शाळेचा पहारा कोणाकडे असतो, लहान मुलींना शौचास कोण नेतें, हें तो रोजच्या रोज विचारूं शकत नाहीं. पुढें खटला चालण्यापूर्वींच, सप्टेंबर २०२४ मध्यें, आरोपी पोलिसांच्या गाडींत गोळी लागून मेला. कांहींनीं पेढे वांटले. ज्या प्रश्नांचीं उत्तरें न्यायालयांत साक्षीपुराव्यानें निघावयाचीं, त्यांतलीं कित्येक त्या गाडींतच राहिलीं, असें आम्हांस वाटतें. आणि पेढे वांटणाऱ्यांत आमचे स्नेहीहि होते, हेंहि सांगितलें पाहिजे.

त्या तरुण गृहस्थास दोष देण्यापूर्वीं आम्हीं आपलें घर तपासलें. आमच्या वडिलांनीं आम्हांस शाळेंत घातलें तेव्हां मास्तरांस जें सांगितलें तें त्या पिढींतला कोणताहि बाप सांगत असे: पोर तुमच्या हवालीं केलें, मारा, झोडा, पण शहाणें करा. त्यानंतर ते शाळेंत फिरकले नाहींत. यास आपण विश्वास म्हणत आलों. आम्हीं आपल्या मुलांच्या वेळीं मारा-झोडा एवढें वगळलें, बाकी सगळें तसेंच ठेविलें. मोठ्या मुलाच्या बारा वर्षांच्या शाळेंत आम्ही किती वेळां गेलों याची मोजदाद करूं गेल्यास लाज वाटेल. जात असे ती आमची पत्नी, आणि घरीं आल्यावर ती जें सांगे तें आम्ही वर्तमानपत्राआडून ऐकत असूं. शिक्षणावर व्याख्यानें देण्याचें काम मात्र त्याहि काळांत चालूं होतें.

विश्वास आणि हवालीं करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. हवालीं केलेल्या वस्तूची चौकशी करावयाची नसते. केली तर घेणाऱ्याचा अपमान होतो. उलट, ज्याच्यावर विश्वास आहे त्यास प्रश्न विचारतां येतो, आणि त्याला त्यांत अपमान वाटत नाहीं, हीच विश्वासाची खूण. वैद्यास औषध कशाचें म्हणून विचारणारा रोगी अविश्वासू नसतो. परंतु आपल्याकडे शाळेस प्रश्न विचारणारा पालक कटकट्या ठरतो, आणि पालकाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणारा शिक्षक आगाऊ. दोघेहि एकमेकांच्या उंबरठ्याशीं थबकतात, आणि यालाच आपण सलोखा समजतों.

अंबरनाथ-बदलापूरसारख्या गांवीं याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे, आणि ती नीतीची नसून घड्याळाची आहे. एके काळीं येथल्या काडीपेटीच्या कारखान्यांतला किंवा पुढें दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांतला कामगार चालत कामावर जाई. मास्तर आणि बाप यांची गांठ बाजारांत, शिवमंदिराच्या जत्रेंत, नळावर पडे. आज निम्में गांव सकाळीं काळोखांत लोकल पकडतें. मुंबई येथून साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास गाडींत, आणि त्यांतले पुष्कळ उभ्यानें. पालकसभा शनिवारीं सकाळीं दहाला ठेवणाऱ्या शाळेस हें ठाऊक असतें, कारण तेथले शिक्षकहि दुसऱ्या गाडीनें आलेले असतात. ज्या समाजास स्वतःच्या गांवांत दिवसाउजेडीं उभें राहावयास फुरसत नाहीं, त्याच्याकडून शाळेशीं दृढ संबंधाची अपेक्षा करणें म्हणजे थोडीशी क्रूर थट्टाच आहे. तरी ती केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाहीं. पालक आणि समाज नेहमीं शहाणेच असतात असें कोणीं सांगितलें? पुण्यांत १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां समाजानें सावित्रीबाईंवर शेणमाती फेंकली, आणि त्या दडपणाखालीं जोतीरावांच्या वडिलांनीं मुलास आणि सुनेस घराबाहेर काढलें. समाज आणि कुटुंब या दोघांच्या संमतीची वाट पाहिली असती, तर ती शाळा निघालीच नसती. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं, तीहि कांहीं गांवोगांवचा ठराव पास करून नव्हे. तेव्हां सहकार्य याचा अर्थ शाळेनें पालकांच्या आवडीनिवडीचें दुकान मांडावें असा खास नाहीं. आजचा सुखवस्तु पालक शाळेशीं ज्या गिऱ्हाइकी थाटांत बोलतो, तो आम्हांस त्या जुन्या 'मारा-झोडा'हून फारसा बरा वाटत नाहीं. एकानें मूल टाकलें. दुसऱ्यानें तें गुंतवलें.

परंतु भाऊरावांच्या उदाहरणांतली दुसरी बाजू आपण विसरतों. ज्या रयतेच्या समजुतींशीं ते भांडले, तिच्याच जात्यापाशीं ते हात पसरून उभे राहिले. बायकांनीं दळतांना मूठभर धान्य बाजूला काढावें, तें शाळेस द्यावें, तोच मुष्टिफंड. मूठभर जोंधळ्यानें वसतिगृह किती दिवस चालणार, असा हिशेब करणाऱ्यास त्यांतलें मर्म समजणार नाहीं. मूठ टाकणारी बाई शाळेस विचारूं शकत होती. तिनें फी भरली नव्हती, कीं तिचें समाधान पावतीनें व्हावें; आणि तिनें दानहि केलें नव्हतें, कीं देऊन विसरावें. घरचें धान्य जेथें शिजतें तेथें आपली माणसें काय जेवतात हें पाहण्याचा अधिकार धान्याबरोबर जातो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं त्याच मुलांसाठीं अंगावरचे दागिने मोडले, हें तर सर्वश्रुत आहे. त्या घराचा आणि शाळेचा उंबरठा एकच झाला होता.

याहून जवळचें उदाहरण आमच्याच ठाणें जिल्ह्यांतलें आहे. २०१४ सालीं पालघर वेगळा झाला म्हणून तें आतां जिल्ह्याबाहेर गेलें, एवढेंच. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचें काम केलें होतें; १९४५ सालीं त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं बालवाडी काढली, आणि अनुताई वाघ त्यांस तेथें येऊन मिळाल्या. बालवाडी चांगली होती. मात्र जिच्यासाठीं ती काढली त्या गरीब वस्तींतलीं मुलें येईनात. आमच्यासारख्या माणसानें अशा वेळीं पालकांच्या अनास्थेवर एक लेख लिहिला असता. या दोघी बायांनीं शाळा उचलली आणि मुलांच्या वाडीवर, त्यांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. आंघोळ घालणें, नखें कापणें, केस विंचरणें येथून अभ्यासाचा आरंभ. आणि तोहि आयांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या हाताखालच्या पाण्यानें. माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजीं शंखशिंपले, बिया, पानें, खडे. शाळेंत काय चालतें हें त्या आईस सांगावें लागत नव्हतें. तिच्या चुलीवरून तें दिसत होतें.

पुढें हें काम डहाणू तालुक्यांतल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें, तेव्हां नवा पेंच पडला. पोरें गुरें घेऊन रानांत जात. तीं गेलीं नाहींत तर घर चालत नसे. बापाशीं वाद घालून उपयोग नव्हता, कारण बाप चुकत नव्हता. मग शिक्षक गुरांमागें गेले, आणि कुरणांतच शाळा भरूं लागली. तिचें नांव कुरणशाळा. मोठी मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं घरीं राही. म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडलें, म्हणजे ती भावंडास कडेवर घेऊन येई. या गोष्टी वाचतांना सोप्या वाटतात. त्यांत किती पायपीट, किती चेष्टा आणि किती रिकामे दिवस गेले असतील याची कल्पना ज्यानें रविवारची एक पालकसभा भरवून पाहिली असेल त्यास येईल. १९७५ सालीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांसहि अंगणवाडी हेंच नांव मिळालें आणि तें देशभर गेलें. नांव गेलें; त्यांतलें अंगण किती ठिकाणीं उरलें हा निराळा विषय आहे.

कोसबाडास कामाची वांटणी झाली नव्हती, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. मुलास आंघोळ घालणें हें आमचें काम नव्हे, असें शिक्षिका म्हणाली नाहीं. आणि अक्षर आम्हांस येत नाहीं, तेव्हां शाळेचें काय तें शाळा जाणे, असें आईसहि म्हणावें लागलें नाहीं. प्रत्येकीनें सगळें मूल उचललें होतें. कर्ज सगळें आपलें, असें मानणाऱ्या भागीदारांचें तें दुकान होतें.

आतां कायद्याकडे पाहूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें विनाअनुदानित खासगी शाळा सोडून इतर शाळांत व्यवस्थापन समिति असावी लागते. तिच्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया. कलम उत्तम आहे. विनाअनुदानित शाळांसाठीं आपल्या राज्याचा २०११ चा फी-नियमनाचा कायदा आहे. त्याखालीं पालक-शिक्षक संघ आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पालकांची कार्यकारी समिति असते, आणि फीच्या प्रस्तावावर तिचें मत घ्यावें लागतें. म्हणजे गरिबाच्या शाळेंत कायदा पालकास कारभारी म्हणून बोलावितो, आणि पैसेवाल्याच्या शाळेंत मुख्यतः गिऱ्हाईक म्हणून. आमच्या शेजारच्या उंच इमारतींतील कित्येक सुशिक्षित पालकांस ही गोष्ट सांगितली तेव्हां त्यांस ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक झाल्यावर तींत कांहीं विचित्र आहे असेंहि वाटलें नाहीं.

मात्र पहिल्या प्रकारच्या समित्याहि बहुधा सहीच्या वहींतच नांदतात. अशा एका समितींत स्थानिक शिक्षणतज्ज्ञ या भारदस्त नांवानें आम्ही दोन वर्षें होतों. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पहिल्या तीन सभांस आम्ही आणि शिक्षक एवढेच. पालकांच्या सह्या शिपाई घरोघर फिरून आणी. चौथ्या सभेस चार घरचीं जेवणें करणारी एक बाई पोळ्या टाकून घाईघाईनें आली, दाराशींच बसली, आणि आम्ही वाचनसंस्कृतीवर बोलत असतांना मध्येंच म्हणाली, ''सर, पोरींच्या संडासाची किल्ली ऑफिसांत कशाला असते? मागायला लाजतात त्या. माझी दिवसभर पाणी पीत नाहीं.''

सभा गप्प झाली. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, परंतु त्यांस तो प्रश्न टोंचला. बाहेरचीं माणसें शिरून घाण करितात, म्हणून कुलूप. कुलूप म्हणून किल्ली. किल्ली हरवूं नये म्हणून ऑफिस. प्रत्येक पायरी बरोबर होती. त्यांनीं तें सगळें समजावून सांगितलें. बाईनें शांतपणें ऐकून घेतलें आणि पुन्हा तेंच विचारलें. आम्हीं, तज्ज्ञांनीं, त्या संडासाच्या दारावरून दोन वर्षें जात असूनहि कुलूप पाहिलें नव्हतें. किंवा पाहिलें होतें आणि तें आमच्या चार आण्यांत बसत नव्हतें.

किल्ली पुढच्या आठवड्यांत सातवीच्या वर्गांत खिळ्याला टांगली गेली. मुख्याध्यापकांनीं त्या दोन आयांस, ज्यांस सकाळीं वेळ असे, मधल्या सुटींत शाळेंत चक्कर टाकण्यास सांगितलें. कांहीं शिक्षकांस तें आवडलें नाहीं, आणि त्यांनीं तें बोलूनहि दाखविलें. पुढें त्यांनीं सभा शनिवारऐवजीं रविवारीं संध्याकाळीं ठेवून पाहिली. पहिल्या रविवारीं अकरा पालक आले, दुसऱ्या महिन्यांत सहा. तिसऱ्या वेळीं मेगाब्लॉक होता. शिक्षकांपैकीं दोघेच पोहोंचले आणि पालक तिघे आले, त्यांत ती बाई होती. या वेळीं तिला विचारावयाचें होतें तें खिचडीच्या तांदळाविषयीं.